बोरजाईच्या चौदा पखुर्ड्या

म्हाकूनाना वारले त्याच आठवड्यात बोरजाईच्या माळावरची एक पखुर्डी कमी झाली.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आकड्यांची पाटी होती. दर सोमवारी सकाळी तिच्यावर माळावरच्या पाखरांची मोजदाद उमटायची. गेली तीन वर्षं आखाड ते दिवाळी पखुर्डीपुढचा आकडा चौदाच असायचा, इतका ठाम, की लोकांनी पाटीकडे बघणंही सोडून दिलं होतं. मालन हुलगे मात्र दर सोमवारी ओलं फडकं घेऊन पाटी पुसायला जायची. ती गावच्या पाखरू मंडळाची अध्यक्ष होती आणि अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून तिच्याकडे तेवढंच एक मानाचं काम उरलं होतं. त्या सोमवारी तिने फडकं फिरवलं तर पाटीवर तेरा. धूळ असेल म्हणून तिने पुन्हा पुसलं. तेराच होते.

"काय गं मालन, पाखरू गेलं व्हय एक?" पारावर बसलेल्या दादा सुताराने विचारलं.

"गेलंय दिसतं."

"म्हाकूच्या मागनं गेलं म्हणायचं. त्याला येकट्याला कुठं करमतंय."

पारावरचे दोघे-तिघे हसले. मालनही हसली. घरापर्यंत जाताना निम्म्या वाटेत कुठेतरी तिचं हसू थांबलं, पण का थांबलं ते तिला सांगता आलं नसतं.

घरी बिरू, तिचा नवरा, भाकरी खात बसला होता. त्याची सत्तर मेंढरं होती आणि बोलणं साधारण तेवढ्याच शब्दांचं, तेही दिवसभरात पुरवून वापरायचं. आज तो आपणहून बोलला.

"म्हाकूची मेंढरं हौदावर नुसती हुभी ऱ्हात्यात. पाण्याला तोंड लावत न्हाईत."

"का बरं?"

"त्याचा ल्योक टिचक्या वाजवतोय. मेंढराला कळायला नको? त्यांला म्हाकूची पखुर्डी पायजे."

मालनने हातातला तांब्या खाली ठेवला.

जनावर पाणी पिताना शीळ मारायची, ही रीत सगळ्याच गावांत आहे. शीळ ऐकली की जनावर निवांत होतं आणि पोटभर पितं. पण बोरजाईची शीळ वेगळी. ती दोन तुकड्यांची, पहिला वर उचललेला आणि दुसरा खाली सोडून दिलेला. माळावरची पखुर्डी सकाळी पाण्यावर येताना असंच बोलते. आठ-नऊच्या सुमाराला पाखरांचे थवे तळ्यावर उतरायचे, त्याच वेळेला मेंढरं यायची, आणि कुणा जुन्या धनगराला वाटलं असावं, की पाखरू बोलतंय तोवर कळप भीत नाही, तर मग आपणही तसंच बोलावं. तेव्हापासून बोरजाईत शीळ 'मारत' नाहीत. बोरजाईत मेंढरांना 'पखुर्डी घालतात'.

मालनने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बिरू. सदू. काळेलांचे तिघे भाऊ. वरच्या वस्तीवरचे चौघे. एकेक बोट मिटत गेलं. म्हाकूनानांसकट गावात कळप राखणारे चौदाजण होते.

आता तेरा.

*

नऊ वर्षांपूर्वी माळावर खुंट्या आल्या, तेव्हा सगळं गाव बघायला गेलं होतं. माणसाच्या छातीएवढी उंच, करड्या रंगाची खुंटी, डोक्यावर उन्हातून वीज करणारा हातभर सूर्यपत्रा, आणि चारी बाजूंना चार कान. अशा तीसेक खुंट्या माळभर रोवल्या. एक आवाज तीन खुंट्यांना ऐकू गेला, की प्रत्येकीपर्यंत तो पोचायला किती वेळ लागला यावरून पाखरू कुठे आहे ते यंत्र काढी. दोन माणसांचे गळे जसे सारखे नसतात, तसे दोन पाखरांचेही नसतात; त्यावरून कोणतं पाखरू कोणतं हेही ते ओळखी. कुठल्याही पाखराचा आवाज ओळखला की खुंटीवरचा हिरवा दिवा क्षणभर लागायचा; दिवसातून इतक्यांदा, की पुढे त्याकडे कुणी बघेना. दुर्बीण घेऊन उन्हात बसायला नको, आकड्यावरून भांडायला नको. पखुर्डी तर मातीच्याच रंगाची, पायाखाली येऊन उडाली तरच दिसणार. अशा पाखराला डोळ्यांपेक्षा कानच बरे, असं सगळ्यांना पटलं.

मात्र यंत्राला पाखरू ठाऊक नसतं. त्याला फक्त 'हो' आणि 'नाही' ठाऊक असतं. माळावरच्या आवाजांचे शेकडो तुकडे आधी माणसांना ऐकवायचे, माणसांनी प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचं, आणि त्या होकारांत जे समान असेल त्यालाच यंत्र पुढे जन्मभर पाखरू म्हणणार.

ते हो-नाही म्हणायला बोरजाईचं पाखरू मंडळ शाळेच्या खोलीत बसलं होतं. बारा बायका, कानांत आवाज ऐकायची काळी बोंडं, समोर पडदा. पडद्यावर प्रश्न यायचा, 'पखुर्डी?' खाली दोन चौकोन.

मालनला तो दिवस आता लख्ख आठवला. तिसऱ्या प्रहरी काळेलांच्या धाकट्या सुनेने बोंडं काढून विचारलं होतं, "मालनताई, ही पाखराची हाय का मेंढरांची?"

मालन तेव्हा घाईत होती. अकराशे तुकडे संपवायचे होते, आणि पडद्यावर नुसतं 'पखुर्डी?' लिहिलं होतं. मराठीत लिहिलेला प्रश्न मराठीत कळतो, असा तिचा समज होता.

"पखुर्डी ती पखुर्डी," ती म्हणाली होती. "दाब हो."

*

"एक आठवडा मेंढरांना पखुर्डी घालू नका," ती बिरूला म्हणाली.

"कशापायी?"

"माझ्यापायी."

बिरूने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आठवडाभर तो हौदाच्या काठावर तोंड मिटून उभा राहिला. कळप पाण्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहायचा, आणि तहान अगदी अनावर झाली की घाबरत घाबरत प्यायचा.

सोमवारी पाटीवर बारा होते.

मालनने मोबाइलवर नऊ वर्षांची रेघ काढली. पहिल्या चार वर्षांत आकडा एकेचाळीसवरून सतरावर उतरला होता. मग तो स्थिरावला. त्या स्थिरावण्याचं केवढं कौतुक झालं होतं. गावाने माळ राखला, आतल्या बाजूला पाखरांसाठी दोन वेगळे पाणवठे बांधले, विणीच्या जागेत पाऊल टाकायचं नाही अशी स्वतःला शपथ घातली, आणि उतरती रेघ सपाट झाली. खुंट्या रोवणाऱ्या कचेरीतले साहेब त्यावर भाषण करून गेले होते. सतराचे चौदा झाले ती तीन वर्षं कोणती, हे आता मालनला पाटीशिवाय सांगता आलं असतं. एका वर्षी पांडूने मेंढरं विकून टेम्पो घेतला. पुढच्या वर्षी गुंडा मुलीकडे राहायला गेला. तिसऱ्या वर्षी लक्ष्याचे गुडघे गेले.

स्थिरावल्यापासून रेघ दरवर्षी दिवाळीनंतर शून्यावर जायची आणि आखाडात परत वर यायची. कचेरीने त्यावर अहवाल काढला होता, 'बोरजाईच्या पखुर्डीचं अल्पांतर स्थलांतर'. दिवाळीनंतर बोरजाईची मेंढरं चाऱ्याला खाली नदीकाठी जातात आणि आखाडात परत येतात, हे त्या अहवालात कुठेही नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि गावात सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट आपणहून सांगायला कोण जातंय?

तीन दिवस ती दुर्बीण घेऊन आतल्या पाणवठ्यांवर बसली. सकाळी सहापासून दुपारपर्यंत. एका पाणवठ्याला भेग पडून तो केव्हाच कोरडा झाला होता, आत बाभळीचं रोप गुडघाभर वाढलं होतं. दुसऱ्यात हिरवं शेवाळ आणि एक बेडूक. काठावर पाऊल नाही, पीस नाही. चंडोल उठले, टिटव्या ओरडल्या, एक ससाणा खांबावर बसून गेला.

"तुम्ही रोज माळावर असता," तिसऱ्या दिवशी ती बिरूला म्हणाली. "शेवटची कधी बघितलीत?"

बिरूने बराच वेळ आठवून पाहिलं. "चार साल झाली असतील. पाचबी असतील."

"आणि बोलला नाहीत?"

"तूच म्हणायचीस, सतरा हायेत, चौदा हायेत. म्हटलं, आत तुमच्या नव्या पाणवठ्यावर पीत असतील. आत जायची आमास्नी बंदी. आन् पाटीवर असल्यावर मी कोण सांगणारा, न्हाईत म्हणून?"

*

आक्काला सांगायला हवं होतं. तेच सगळ्यांत अवघड होतं.

मालनची थोरली बहीण ठकू, म्हणजे आक्का, बारा कोसांवरच्या हिंगणमाळला दिलेली. तिथेही माळ होता, तिथेही खुंट्या होत्या, तिथेही मंडळ होतं आणि आक्काच त्याची अध्यक्ष. तिथे मेंढरं नव्हती. तिथल्या पाटीवर तीन होते.

दोन वर्षांपूर्वी हिंगणमाळवर सूर्यपत्र्यांचं मैदान करायचं ठरलं. नियम असा होता, की एखाद्या पाखराचा मोठा थवा जवळपास सुखरूप असेल, तर पाचाच्या आतल्या थव्यासाठी माळ अडवायचा नाही. ती पाखरं मोठ्या थव्याला मिळतील असं धरायचं. त्यासाठी मोठ्या थव्याच्या मंडळाचं पत्र लागायचं. पत्र देऊ नकोस म्हणून सांगायला आक्का आली, पण पाटीवरचे आकडे घेऊन नव्हती आली. ती म्हणाली होती, "मी डोळ्यांनी बघितल्यात, मालन. नर पाण्यात बसतो, पोटाची पिसं भिजवतो आन् पिल्लांस्नी पाजायला नेतो. मी बघितलंय." मालन म्हणाली होती, "तुझ्या तीन हायेत आक्का, आमच्या चौदा. आमच्यातच येतील की." तिला ते खरंच वाटलं होतं. तिने पत्रावर सही केली. त्यानंतर एका फोनापलीकडे दोघी बोलल्या नव्हत्या.

पत्रे बसल्यावर बोरजाईचे सतरा व्हायला हवे होते. झाले नाहीत. मालनने तेव्हा स्वतःची समजूत घातली होती, की ती तीन आली असतील आणि आपल्यातली तीन म्हातारी गेली असतील.

हिंगणमाळच्या एसटीतून उतरलं की आता समोर क्षितिजापर्यंत निळे-काळे पत्रे दिसायचे. आक्का ओसरीवर हुलगे निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा सुपात नजर घातली.

"चौदा कशा हायेत?"

"आक्का, चौदा कधी नव्हत्याच."

मालनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्हाकूनाना, बोटं, बिरूचा गप्प आठवडा, शाळेची खोली. "पखुर्डी ती पखुर्डी" हे तिने जसंच्या तसं सांगितलं, त्यातला एक शब्दही गाळला नाही. आक्काचे हात सुपात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, हुलगे एका बाजूला.

"म्हंजी माझ्या तीन हुत्या," शेवटी ती म्हणाली, "त्या तेवढ्याच हुत्या."

"व्हय."

"आश्विनात यंत्रं आली सपाटी करायला. घरटं त्यात गेलं. मादी दिसली न्हाई परत. नर यायचा. डबक्यात बसायचा, पोट भिजवायचा, उडायचा आन् त्या जागेवर घिरट्या घालायचा. पाणी पाजायचं कुणाला? पोटावरचं पाणी वाळलं की परत डबक्यावर. चार दिस हेच. पाचव्या दिसाला आला न्हाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"फोन केला हुता की. तू म्हणालीस, आला असंल आमच्याकडं."

मालनला तो फोन आठवला. तेव्हा ती पाटी पुसत होती.

"बस आता," आक्का म्हणाली. "चहा टाकते." पण ती उठली नाही, आणि मालनही बसली नाही. थोड्या वेळाने आक्कानेच विचारलं, "आता काय करणार हायेस?"

"सांगितलं तर आमचा माळ मौन ठरंल. पाखरू ऐकू येत नाही तो माळ मोकळा, असा कायदा. तिथंबी पत्रे येतील. मेंढरं चारायला जागा राहणार नाही."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर पाटीवर तेरा राहतील."

आक्काने सूप खाली ठेवलं. "माझा माळ तू खरं बोलून घालवलास," ती म्हणाली. "खोटं तुला ठावंच नव्हतं तवा. आता ठावं हाय. तुझं तू बघ."

*

गावात मंडळाची बैठक झाली. कुणीच आरडाओरडा केला नाही. काळेलांची धाकटी सून कोपऱ्यात पदराने डोळे पुसत होती. तिला वाटत होतं की चूक तिची, तिनेच पुन्हा विचारायला हवं होतं. मालन तिच्याजवळ जाऊन बसली.

बोलला तो बिरूच. "ह्यात काय आवघड हाय? आमी तेराजण हाय. म्हाकूच्या पोराला मी शिकवतो. झाले चौदा. जलमभर पखुर्डी घालू. माळ ऱ्हाईल, गवात ऱ्हाईल, मेंढरं ऱ्हातील."

"आणि पाखरू?" मालनने विचारलं.

"पाखरू हाय कुठं आता?"

लोक उठले ते बिरूचं म्हणणं मनात घेऊन उठले, हे तिला दिसत होतं. तिलाही ते पटत होतं. गवत राहिलं तर चंडोल राहतील, ससे राहतील, एखादे दिवशी कुठून तरी एखादी जोडी येईलही. रात्रभर तिने हे स्वतःला सांगितलं. अडचण एवढीच होती, की ती जोडी आली तर पाटीवर सोळा होतील, आणि त्या सोळांच्या भरवशावर आणखी कुठल्यातरी आक्काला कुणीतरी पत्र देईल.

भाद्रपदात कचेरीच्या मुल्ला मॅडम आकड्यांच्या वार्षिक दाखल्यावर सही घ्यायला आल्या. चाळिशीच्या, मितभाषी बाई; खुंट्या रोवल्या त्या वर्षीही त्याच होत्या. मालनने कागद बाजूला सारून सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मी मिरजेची, मालनताई," त्या म्हणाल्या. "पखुर्डी घालणं हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. प्रश्न मीच लिहिला होता. 'पखुर्डी पक्षी?' असं लिहायला काय झालं होतं मला?"

"आता सुधारता येईल?"

"येईल. पण तुम्हालाच बसावं लागेल. तेच तुकडे, पहिल्यापासून. दुसऱ्या कुणाला हा फरक कळणार नाही." त्यांनी दाखला परत मालनपुढे सरकवला. "तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही, असंही होऊ शकतं. मी वर काही कळवणार नाही."

मालनने बोंडं मागितली.

शाळेची तीच खोली. अकराशे तुकडे. या वेळी ती एकटी होती आणि घाई नव्हती. फरक बारीक होता पण होता; पाखराचा दुसरा तुकडा हवेत विरतो, माणसाचा ओठांवर येऊन थांबतो. सदूची शीळ, नाही. काळेलांच्या थोरल्याची, नाही. म्हाकूनानांची शीळ आली, पुढच्या पडलेल्या दातातून किंचित हवा सुटणारी. तिने ती तीनदा ऐकली, मग दाबलं, नाही. बिरूची आली. नऊ वर्षांपूर्वीचा बिरू, छातीत दम असलेला. त्याच्या शिळेमागोमाग दुरून एक खरी पखुर्डी बोलली, मग पुन्हा बिरू, मग पुन्हा ती. दोघांनी सहा वेळा एकमेकांना उत्तरं दिली होती. एकाच तुकड्यात दोघंही होते आणि खाली चौकोन दोनच. मॅडमनी दोघांचे आवाज कापून वेगळे करून दिले. मालनने एकाला हो म्हटलं, एकाला नाही.

चार दिवसांनी यंत्राने नवे कान घेऊन नऊ वर्षांचं सगळं ऐकलेलं पुन्हा ऐकलं. नवी रेघ आली. चोवीसपासून निघून ती चार वर्षांत शून्यावर आली होती आणि मग तशीच सपाट पुढे गेली होती. मालनने बोट सरकवत पत्रावर सही केली तो महिना काढला. हिंगणमाळ, तीन. बोरजाई, शून्य.

तिने तो कागद आक्काला पाठवला. उत्तर आलं नाही.

*

दसऱ्याच्या आत माळ मौन जाहीर झाला. खांब आले, जाळीच्या गुंडाळ्या आल्या. काळेलांनी तिन्ही कळप विकले. बिरू बायकोवर रागावला नाही. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो फक्त सकाळी लवकर उठून निघून जायचा आणि जमेल तितका वेळ माळावर काढायचा.

हौद जाळीच्या आत जाणार होता त्या सकाळी मालन त्याच्याबरोबर गेली. खुंट्या अजून काढल्या नव्हत्या. गवत पिवळं पडून वाऱ्याबरोबर एका अंगाला लवत होतं. मेंढरं हौदाभोवती गोळा झाली आणि मान वर करून उभी राहिली, वाट बघत.

"घाला की," मालन म्हणाली.

बिरूने तिच्याकडे पाहिलं नाही. ओठ ओले केले आणि पखुर्डी घातली, पहिला तुकडा वर, दुसरा खाली. जुन्या सवयीने तो जरा थांबला, पलीकडून उत्तर येतंय का बघत. मग पुन्हा घातली. सत्तर माना पाण्याकडे झुकल्या.

मालनची नजर हौदाशेजारच्या खुंटीवर गेली. नऊ वर्षं या शिळेबरोबर तिच्यावरचा हिरवा दिवा लागत आला होता. आज लागला नाही. बिरूने तिसऱ्यांदा घातली, चौथ्यांदा घातली. खुंटी चारी कानांनी ऐकत गप्प उभी होती.

आता तिलाही फरक कळत होता.